फेब्रुवारीत वाहणारं गटार

त्या रविवारी सकाळी साडेनऊला मी नाल्याच्या काठावर, नाकाला ओढणी लावून, एका गटाराच्या तोंडाकडे बघत उभी होते. वय बेचाळीस, ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि सुट्टीत वाचायला काढलेली जाड कादंबरी घरी उशाशी उघडी. फोनवर बाबा होते. ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या संडासात होते.

"तयार?"

"तयार."

"टाकतो."

फ्लशचा आवाज आला.

"घड्याळ लाव," बाबा म्हणाले.

माझे वडील शिवराम महापालिकेच्या मलनिःसारण विभागातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना पूल बांधायचे होते. रुजू झाले त्या दिवशी त्यांना मलनिःसारण मिळालं आणि तेहतीस वर्षं तेच राहिलं. त्यांच्याबरोबर लागलेल्या इतरांना पूल मिळाले. असं का, हे ते कधी बोलत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पुलाकडे सगळे बघतात. इकडे बघणारा लागतो."

तर ते बघत. लग्नाच्या हॉलवर गेलो की आई हयात असताना नवरानवरीला भेटायची आणि बाबा हॉलच्या मागे जाऊन भांडी घासलेलं पाणी कुठे जातं ते पाहून यायचे. जेवताना तेच सांगायचे. त्यामुळे आम्हाला पंगतीत नेहमी भरपूर जागा मिळे.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. शहराला दोन गटारं असतात: एक पावसाचं, ते सरळ नदीत जातं, दुसरं घरातलं, ते शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथे निवळतं आणि मग नदीत जातं. या दोघांची गाठ पडता कामा नये. हे ते अशा सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं दोन्ही घरांत जुनं वैर आहे.

"पावसाचं गटार फेब्रुवारीत कोरडं पाहिजे," ते म्हणत. "वाहत असेल तर ते पाणी आभाळातलं नाही. कुणाच्यातरी घरचं आहे."

आमच्या मागचं गटार फेब्रुवारीत वाहत होतं. त्याला चार जणांचं पावसाचं पाणी येतं: शेजारच्या दोन इमारती, धोंडीबाची चाळ आणि आमची सुप्रभात सोसायटी. गटार नाल्यात, नाला वालधुनी नदीत, वालधुनी उल्हासला, उल्हास खाडीला. चौघांपैकी कोण आपली घाण त्यात सोडतं, हे शोधायला बाबांनी निवृत्तीनंतरची दीड वर्षं दिली होती. पद्धत सोपी. वागळे इस्टेटमधल्या एका दुकानातून ते हिरवी पूड आणत. ती ज्याच्या त्याच्या संडासात टाकायची, पाणी सोडायचं, आणि एका माणसाने गटाराच्या तोंडाशी उभं राहायचं. हिरवं आलं तर चोर सापडला. बाबांचे गुडघे गेल्यामुळे तोंडाशी उभं राहणारं माणूस मी.

शेजारच्या दोन्ही इमारती निर्दोष निघाल्या होत्या. चाळीने बाबांना आत घेतलं नव्हतं. राहिलो आम्ही. आपल्या इमारतीबद्दल बाबांना तिळमात्र शंका नव्हती, पण नियम म्हणजे नियम. मी परीक्षेनंतर करू, पुस्तकमोजणीनंतर करू, असं करत महिनाभर ढकललं होतं. त्या रविवारी माझ्याकडच्या सबबी संपल्या.

कारण मला उत्तर माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची बाहेरची लाइन तुंबली आणि पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी झालं. बाबा दहा दिवस खडवलीला मित्राच्या शेतावर गेलेले. सोसायटीची सेक्रेटरी मी होते. ज्या सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचले, त्या सभेत मला एकमताने निवडलं होतं. काळुराम प्लंबर आला, चेंबरमध्ये काठी घालून म्हणाला, "ताई, पक्कं काम करायचं तर रस्ता खोदायला लागेल. परवानगी, बिरवानगी, महिना गेला. टेम्पररी करायचं तर आत्ता अर्ध्या तासात. बाजूला पावसाची लाइन आहेच. जोडून देतो."

वरून पाच जण नाक धरून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, जोडा.

बाबा परत आले तेव्हा पार्किंग कोरडं ठणठणीत होतं. "एका दिवसात काढलंस?" असं म्हणून ते इतके खूश झाले, की महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटले. विभागातल्या जुन्या माणसांना फोन करून सांगितलं. माझ्या दहावीच्या मार्कांनासुद्धा एवढं फोनबिल आलं नव्हतं. पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते अवघड होतं, आणि महिन्याभराने अशक्य. काळुरामचं टेम्पररी तसंच राहिलं.

नवव्या मिनिटाला गटाराच्या तोंडातून एक बारीक हिरवी रेघ आली. मग ती हाताएवढी झाली. मग सगळं पाणी पोपटी झालं, इतकं झगझगीत की मला आजूबाजूला बघावंसं वाटलं. नाल्यात दोन बगळे होते. ते उडाले नाहीत, फक्त एक एक पाय उचलून उभे राहिले.

"आलं का?" बाबांनी विचारलं.

सायकलवरून जाणारा एक माणूस थांबला. "मॅडम, होळीला टाइम आहे अजून," तो म्हणाला.

"कोण बोलतंय? हिरवं आलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. कुणीतरी पत्ता विचारत होतं."

"आणखी दहा मिनिटं थांब. घाई करू नकोस."

मी वीस मिनिटं थांबले. सगळी पूड वालधुनीच्या दिशेने निघून जाईपर्यंत.

घरी आले तेव्हा बाबांनी वहीत 'सुप्रभात: शुद्ध' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पूड हाताळून त्यांची बोटं नखांपर्यंत हिरवी झाली होती आणि त्याच बोटांनी ते पोहे खात होते. "मला खात्री होतीच," ते म्हणाले. "आपल्याकडे तू आहेस ना."

मी पोह्यांवर लिंबू पिळलं. त्यांच्याही आणि माझ्याही.

दुपारी त्यांनी मला पत्र सांगितलं. त्यांची पत्रं मीच टाइप करत असे. तीन इमारती तपासून निर्दोष आढळल्या असल्याने उरलेला स्रोत धोंडीबा चाळीचा सामाईक संडास हाच असला पाहिजे, तरी योग्य ती कारवाई व्हावी. 'कारवाई'मधली ई दीर्घच ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. एक वाक्य लांब होत होतं, ते मी दोन केलं. मग पत्र महेंद्रला पाठवलं. महेंद्र आता बाबांच्या जागी आहे; गटारात उतरण्याआधी काय काय तपासायचं हे बाबांकडून शिकलेला.

संध्याकाळी बाबांनी बातम्या बघितल्या, मला माझ्या कादंबरीत किती माणसं मेली असं विचारलं, आणि झोपले. सोमवारी सकाळी चहाला उठले नाहीत.

डॉक्टर आले, छाती तपासली, मनगट धरलं आणि बोटांशी थांबले. तरुण होते, आमच्या भागात नवीन.

"नखं हिरवी का आहेत?"

मी सांगायचा प्रयत्न केला. माझा फोन मिळताच धावत आलेला महेंद्र मधे पडला आणि त्यानेच सांगितलं. पावसाचं गटार, घरातलं गटार, पूड, फ्लश, घड्याळ. महेंद्र पाच वर्षं बाबांच्या हाताखाली होता, त्याला थोडक्यात सांगता येत नाही. डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसून सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, पेनला टोपण लावलं आणि हळूच विचारलं, "आमच्या बिल्डिंगचं कसं कळेल?"

हे बाबांना सांगायला पाहिजे, असं मला वाटलं. मग कळलं की काय झालंय.

मी मृत्यूबद्दल पुष्कळ वाचलं आहे. त्या पुस्तकांतले लोक मेल्यावर त्यांची बोटं साबणाने घासावी लागत नाहीत. घासूनही रंग गेला नाही.

गुरुवारी रंगूबाई आली. चाळीतल्या पहिल्या खोलीत राहणारी, साठीची, चाळीच्या वतीने सगळ्यांशी भांडणारी. बाबांचं आणि तिचं दीड वर्षं युद्ध चाललेलं. तिच्या पिशवीत पिठलं-भाकरी होती. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात तशी. डब्याखालून तिने एक कागद काढला.

"वाच गं प्रीती. माझा चष्मा नातवाने बसून मोडला. तुझ्या बाचं पत्र आलंय वाटतं मला. मेल्यावरबी माझ्या संडासाच्या मागंच."

नोटीस होती. सात दिवसांत जोडणीचा पुरावा सादर न केल्यास संडास सील करण्यात येईल. सातवा दिवस सोमवारी भरत होता. आत माझीच दोन वाक्यं होती, जशीच्या तशी.

मी वाचून दाखवली.

"सोळा खोल्या हायेत," ती म्हणाली. "अठ्ठावन्न माणसं. सील केला तर जायाचं कुठं? तुमच्याकडं यायचं का, नंबर लावून?"

"तुमचं पाणी कुठे जातं, मावशी?"

"टाकीत. कुठं जाणार? टाकी भरली की गाडी येती उपसायला. तुझ्या बाला हज्जारदा सांगितलं. झाकण उघडून दावते म्हटलं. तर म्हणे, रंग टाकल्याबिगर मी कुणाचं मानत नाय."

"मग टाकू द्यायचा होता."

"कवा आला होता ते इचार. सकाळी सातला." तिने कपाळाला हात लावला. "सातला गं. माणसं टमरेल घेऊन रांगेत, कुणाची गाडी चुकतीय, कुणाचं पोट बिघडलंय, आन् हा मधे उभा राहून म्हणतोय, दहा मिनिटं कुणी आत जाऊ नका, शासकीय काम आहे. रिटायर झालेला माणूस. साईनाथनं उचलून बाजूला ठेवला त्याला. नीट ठेवला हां, गुडघ्याला लागू दिलं नाय."

साईनाथ तिचा मुलगा. बाबांनी ही गोष्ट मला 'असहकार' या एका शब्दात सांगितली होती. मला हसू आलं आणि ते मधेच दुसरीकडे वळलं. रंगूबाईने माझ्यासमोर भाकरी सरकवली.

"खा आधी. तुझा बा वाईट नव्हता. नुसता हट्टी. दुपारी बाराला आला असता तर मीच टाकली असती पूड."

खरं काय ते मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या.

रात्री मी महेंद्रला फोन करून नोटीस थांबवता येईल का विचारलं. "ताई, तुम्ही काळजीच करू नका," तो म्हणाला. "सरांचं शेवटचं पत्र आहे. मी स्वतः उभा राहून सील करणार. आमची मंडळीसुद्धा म्हणाली, हीच खरी श्रद्धांजली." पुढे तो रडायला लागला. मी फोन ठेवला. एवढं खोटं बोलायला मला एक शब्द लागला होता. ते परत घ्यायला किती लागतील याचा मी हिशेब करत बसले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. मंडप, शंभर खुर्च्या, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मध्ये बाबांचा फोटो. सूत्रसंचालनाला धम्मपाल मामा. दिवा स्टेशनपासून खडवलीपर्यंत आमच्यातलं कुठलंही पुण्यानुमोदन मामांशिवाय होत नाही. ते प्रत्येक वक्त्याला दोन मिनिटांत आटपायला सांगतात आणि दोन वक्त्यांच्या मध्ये स्वतः सात मिनिटं बोलतात.

आधी त्रिसरण आणि पंचशील झालं. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसला. मामांना वाटलं रडू आलं. त्यांनी माइक हळूच माझ्यापासून लांब नेला.

मग भाषणं. बाबांचे एक जुने सहकारी बाबांबद्दल सुरू करून स्वतःच्या अडकलेल्या पेन्शनवर आले आणि तिथेच राहिले. आमचे अध्यक्ष हरिहर म्हणाले की शिवरामरावांमुळे आमची सोसायटी या नाल्यावरची एकमेव आदर्श सोसायटी ठरली आहे, त्यांच्या वहीत तसं लिहिलेलं आहे, आणि गेटवर तसा फलक लावण्याचा ठराव कमिटीने कालच केला आहे. टाळ्या वाजणार होत्या, पण प्रसंग लक्षात घेऊन लोकांनी माना हलवल्या. बरोबर त्यांच्या पायाखाली काळुरामने जोडलेलं चेंबर होतं. हे माहीत असलेली त्या मंडपात मी एकटीच. काळुराम निरोप मिळूनही आला नव्हता.

महेंद्र उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. "सरांनी मला एकच शिकवलं," तो म्हणाला. "पाणी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. सरांनी मरायच्या आदल्या दिवशी चोर शोधला. उद्या सकाळी अकराला आम्ही त्या चाळीचा संडास सील करतोय. सर, तुमची फाइल मी बंद करतो."

मागच्या रांगांत चाळीची माणसं बसली होती. सगळी आली होती. त्यांच्यातून रंगूबाई उठून पुढे आली. मामा म्हणाले, "आपलं नाव यादीत नाही."

"यादीत नाय, नोटिशीत हाय," ती म्हणाली आणि माइक घेतला. "हा माणूस मला रोज तरास द्यायचा. पण गेल्या पावसात आमच्या दारात पाणी शिरलं, तवा हाच मोडक्या गुडघ्यानं छत्री घेऊन आला, जाळीतला कचरा काढत एक तास पाण्यात उभा. आम्ही कुणी त्याला बोलावलं नव्हतं. म्हणून आलो. चोरीचं म्हणाल, तर आम्ही चोर नाय. आता तो हाय कुठं भांडायला. उद्या काय करायचं ते करा."

तिने माइक मामांना न देता खुर्चीवर ठेवला. तो घरंगळून कर्कश वाजला, आणि त्या आवाजात ती जागेवर जाऊन बसली.

"यानंतर," मामा सावरत म्हणाले, "कुटुंबाच्या वतीने ऋणनिर्देश, त्यांची कन्या प्रीती. दोन मिनिटं. आणि जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

माझ्याकडे कागद होता. आभार कुणाकुणाचे, कुठल्या क्रमाने, सगळं शुद्धलेखनासह. मी तो उघडला. पहिलं नाव महेंद्रचं होतं.

"सर्वांचे आभार," मी म्हणाले, आणि पुढचं वाचता येईना. अक्षरं दिसत होती, तरी.

"जेवणाचं सांग," मामा कुजबुजले.

"जेवण आहे," मी म्हणाले. "श्रीखंड-पुरी नाही, साधं आहे. पण बसण्याआधी एक आहे. महेंद्र, उद्याची नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. खरा पत्ता हा आहे. हरिहरकाका उभे आहेत तिथे."

हरिहर खाली बघून दोन पावलं बाजूला झाले.

"दोन वर्षांपूर्वी लाइन तुंबली तेव्हा आपली घाण पावसाच्या गटाराला जोडा असं काळुरामला मी सांगितलं. सेक्रेटरी म्हणून. कमिटीला विचारलं नाही. रस्ता खोदायला एक महिना लागला असता, तो मला नको होता. दोन वर्षं आपण सगळे नदीत जातो आहोत."

कुणीतरी "काय म्हणाली?" असं विचारलं आणि कुणीतरी त्याला "संडासाचं," असं सांगितलं. महेंद्रने खिशातून रुमाल काढला होता, तो तसाच हातात. "पण ताई, सरांनी तपासलं होतं," तो म्हणाला. "वहीत आहे. शुद्ध लिहिलंय."

"त्यांनी तपासलं ते बरोबरच होतं. बघायला मी उभी होते."

मामा माइककडे हात पुढे करत होते. मी तो दिला नाही. खुर्च्यांकडे तोंड करून एवढंच जमलं. उरलेलं त्यांना सांगायचं नव्हतं. मी फोटोकडे वळले. माझा आवाज माइकमधून येत होता, गेटबाहेर रस्त्यावरही ऐकू जात असणार.

"बाबा, तुम्ही दोनदा विचारलंत. मी नाही म्हणाले, आणि वर नक्की म्हणाले. नवव्या मिनिटाला आलं होतं. तुमच्या पुडीत काही खोट नव्हती, तुमच्या पद्धतीतही नव्हती. मी घाबरले होते. तुम्ही इतक्या लोकांना फोन करून सांगितलं होतंत, की मला वाटलं, आता हे कळलं तर तुम्हाला कुणाकडे बघता येणार नाही. तेही खरं नाही. तुम्ही माझ्याकडे बघणार नाही असं वाटलं. हिरवं आलं होतं, बाबा. आपल्याच घरातून आलं होतं, आणि ते जोडायला मीच सांगितलं होतं."